एक कीड गेली की तिची जागा कोण घेते? कपाशीच्या शेतातील सजीवांचे परस्परसंबंध

कपाशीच्या एका एकरात फक्त कपाशी नसते. पानांखाली मावा आणि तुडतुडे असतात, त्यांना खाणारे ढालकिडे असतात, बोंडात अळी असते, ओळींमध्ये तणे असतात आणि मुळांभोवती बुरशी व जिवाणू असतात. यातील प्रत्येक जण कोणाचे तरी अन्न आहे, कोणाचा तरी स्पर्धक आहे किंवा कोणाचा तरी सोबती आहे. आपण कीटकनाशक फवारतो, खत देतो, निंदण करतो किंवा बियाणे बदलतो, तेव्हा एकाच सजीवावर परिणाम होत नाही. पूर्ण वस्तीची मांडणी बदलते.

"मागच्या फवारणीने कीड गेली होती, पंधरा दिवसांत दुप्पट कशी झाली?" आणि "ही कीड तर पूर्वी आमच्याकडे नव्हती" हे दोन प्रश्न दर हंगामात विचारले जातात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे औषधाच्या बाटलीवर सापडत नाहीत. ती या परस्परसंबंधांत आहेत. ते समजले तर अनावश्यक फवारणीचा खर्च वाचतो आणि गरजेची फवारणी योग्य वेळी करता येते.

शेतातील नात्यांचे चार प्रकार

१. स्पर्धा : दोन सजीवांना एकच गोष्ट हवी असते आणि ती मर्यादित असते. उदा. कपाशी आणि तण यांना लागणारे पाणी, नत्र व सूर्यप्रकाश.

२. भक्षण : एक सजीव दुसऱ्याला खातो. उदा. ढालकिडा माव्याला खातो, क्रायसोपाची अळी मावा, फुलकिडे आणि लहान अळ्या खाते.

३. परोपजीविता : एक सजीव दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात वाढतो. उदा. ट्रायकोग्रामा ही सूक्ष्म गांधीलमाशी बोंडअळीच्या अंड्यात आपले अंडे घालते. त्या अंड्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच बाहेर येते.

४. सहजीवन : दोघांनाही फायदा होतो. उदा. मूग-उडदाच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू पिकाला हवेतील नत्र देतात आणि पिकाकडून साखर घेतात.

एकच सजीव अनेक नात्यांत गुंतलेला असतो. मावा कपाशीचा रस शोषतो, ढालकिड्याचे अन्न बनतो आणि मुंगळ्यांना गोड चिकटा पुरवतो. त्यामुळे "मावा दिसला" एवढ्या माहितीवर निर्णय घेता येत नाही. त्याच्यासोबत आणखी कोण दिसले, हेही पाहावे लागते.

पिकाची पहिली स्पर्धा : तण

कपाशीची सुरुवातीची वाढ सावकाश होते. ओळींतील अंतर मोठे असल्याने मधली जमीन बरेच दिवस उघडी राहते. उघड्या जमिनीत प्रकाश, ओलावा आणि अन्नद्रव्ये असतात. ती जागा आपण वापरली नाही तर तणे वापरतात. म्हणून पेरणीनंतरचे पहिले ६० दिवस पीक तणमुक्त ठेवण्याची शिफारस आहे. या काळात गमावलेली वाढ नंतर निंदण करूनही पूर्ण भरून येत नाही. याउलट झाडे मोठी होऊन ओळी झाकल्या गेल्यावर उगवणारे तण सावलीमुळे फारसे वाढत नाही. म्हणजे आधी तण जिंकत असते, नंतर कपाशी. कोण आधी जागा घेतो यावर निकाल ठरतो.

सर्व तणांशी होणारी स्पर्धा सारखी नसते. लव्हाळा आणि हराळी जमिनीखालील गाठी व कांड्यांतून पुन्हा फुटतात. वरवरची डवरणी केली तर त्यांचे तुकडे होऊन ती आणखी पसरतात. माठ, केना, घोळ यांसारखी हंगामी तणे मात्र फुलोऱ्यापूर्वी काढली तर पुढच्या वर्षीचे बी कमी होते.

आंतरपीक : जागा वाटून घेण्याची युक्ती

स्पर्धा कमी कशी होते, याचे उत्तर रशियन शास्त्रज्ञ गॉझ यांच्या प्रयोगांत मिळते. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जातींवरील प्रयोग मांडले. एकाच नळीत, एकाच अन्नावर दोन जाती वाढवल्या तेव्हा एक टिकली आणि दुसरी हळूहळू संपली. पण जोडीतील एक जात तळाशी आणि दुसरी वरच्या थरात अन्न घेऊ लागली, तेव्हा दोन्ही टिकल्या. गरज अगदी सारखी असेल तर एक जण बाहेर पडतो. गरजा थोड्या वेगळ्या असतील तर दोघे एकत्र राहू शकतात.

कपाशीत मूग किंवा उडीद घेण्यामागे हेच तत्त्व आहे. ही पिके साधारण ६० ते ७५ दिवसांत निघतात. कपाशीला जास्तीत जास्त पाणी आणि अन्न लागण्याचा काळ त्यानंतर, पात्या, फुले व बोंडे लागताना येतो. दोघांच्या गरजेची वेळ वेगळी असते. शिवाय ही पिके जमीन झाकून तणाची जागा अडवतात आणि नत्राची गरज बरीचशी स्वतः भागवतात. तुरीचे तसे नाही. तूर उंच व दीर्घ मुदतीची असल्याने तिची सावली आणि मुळे कपाशीशी स्पर्धा करतात. म्हणून तुरीच्या ओळी कपाशीच्या अनेक ओळींनंतर एक-दोन अशा घेतात. आंतरपीक निवडताना "भाव काय मिळेल" यासोबत "त्याला पाणी व प्रकाश कधी लागेल" हेही विचारात घ्यावे.

एकाच झाडावर इतक्या किडी कशा नांदतात?

किडींनीही कपाशीचे झाड आपापसांत वाटून घेतलेले आहे. मावा कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या मागे असतो. तुडतुडे पानाच्या शिरांजवळ रस शोषतात. फुलकिडे पानाचा पृष्ठभाग खरवडतात. ठिपक्यांची बोंडअळी सुरुवातीला कोवळ्या शेंड्यात शिरते. अमेरिकन (हिरवी) बोंडअळी पात्या, फुले आणि बोंडे बाहेरून कुरतडत एका बोंडावरून दुसऱ्यावर जाते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून आतल्या बिया खाते. काळही वेगळा असतो : रसशोषक किडी आधी, गुलाबी बोंडअळी प्रामुख्याने नंतर.

झाडाच्या गुणधर्मांमुळेही पारडे फिरते. ज्या वाणांच्या पानांवर लव जास्त असते, त्यांवर तुडतुडे कमी येतात. पण तीच लव पांढऱ्या माशीला मानवते. नत्राची मात्रा जास्त झाली तर पाने लुसलुशीत होतात आणि रसशोषक किडींना भरपूर अन्न मिळते. "युरियाने झाड हिरवेगार झाले" आणि "तुडतुडे वाढले" या दोन घटना बहुधा एकाच शेतात, एकाच आठवड्यात दिसतात.

बीटी आल्यानंतर जागा कोणी घेतली?

भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुके असलेले बीजी-२ वाण २००६ मध्ये आले. अमेरिकन बोंडअळीला या वाणांनी चांगला आळा घातला आणि तिच्यासाठी होणाऱ्या फवारण्या कमी झाल्या. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. बीटीतील प्रथिन अळ्यांसाठी आहे. रस शोषणाऱ्या ढेकूण, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. पूर्वी बोंडअळीसाठी मारलेल्या फवारणीत या किडीही मरत होत्या. ती फवारणी थांबली आणि त्यांना मोकळी जागा मिळाली.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. उत्तर चीनमध्ये १९९७ पासून बीटी कापूस घेतला जातो. तेथे बोंडअळीच्या फवारण्या कमी झाल्यावर मिरिड ढेकूण ही पूर्वी किरकोळ असलेली कीड वाढली आणि शेजारच्या फळपिकांवरही गेली, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्याच भागातील २०१२ च्या अभ्यासात दुसरी बाजू पुढे आली. फवारण्या कमी झाल्याने ढालकिडे, क्रायसोपा व कोळी यांची संख्या वाढली आणि मावा कमी झाला. हे मित्रकीटक शेजारच्या मका, सोयाबीन व भुईमुगातही पोहोचले. फवारणी कमी होण्याचा फायदा मिरिडला झाला आणि मित्रकीटकांनाही. कोणाला किती फायदा होईल, हे त्या किडीला खाणारा शत्रू शेतात आहे की नाही यावर अवलंबून राहिले.

पिठ्या ढेकूण : शत्रू नसलेला पाहुणा

२००५ नंतरच्या हंगामांत आपल्या कपाशीवर पिठ्या ढेकूण मोठ्या प्रमाणात दिसू लागला. ही कीड मूळची उत्तर अमेरिकेतील आहे. नव्या प्रदेशात येताना तिचे शत्रू मागे राहिले, त्यामुळे ती झपाट्याने वाढली. अंगावरील मेणचट पांढऱ्या थरामुळे फवारणीचे द्रावण तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मुंगळे तिच्या गोड चिकट्यावर जगतात आणि मोबदल्यात तिच्या शत्रूंना हुसकावतात, तिच्या पिल्लांना एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात. याच चिकट्यावर काळी बुरशी वाढून पानांवर काजळी धरते.

पुढे २००८ च्या सुमारास एनॅसियस ही लहान गांधीलमाशी देशाच्या अनेक भागांत या ढेकणावर सापडू लागली. तिची मादी पिठ्या ढेकणात अंडे घालते. आतल्या अळीने खाल्लेला ढेकूण फुगून तपकिरी आणि टणक होतो. पिठ्या ढेकणाचा जोर पुढे ओसरला, त्यात या माशीचा मोठा वाटा आहे.

शेतात याचा उपयोग असा करावा. पिठ्या ढेकणाची वसाहत दिसली तर ती भिंगाने पाहावी. तपकिरी, टणक झालेले ढेकूण लक्षणीय संख्येने दिसत असतील तर रासायनिक फवारणी टाळावी. अशा वेळी फवारणी केली तर आतली गांधीलमाशी मरते आणि मेणाखालचे ढेकूण वाचतात. प्रादुर्भाव दोन-चार झाडांवरच असेल तर ती झाडे काढून नष्ट करावीत, मात्र ती ओढत शेतभर नेऊ नयेत.

फवारणीनंतर कीड दुप्पट का होते?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वाढीच्या वेगाचे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि ती पिल्ले अनुकूल हवामानात आठवडा-दहा दिवसांत स्वतः पिल्ले देऊ लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण अडीच ते तीन आठवडे लागतात. फवारणीत दोघेही मेले तर मावा आधी सावरतो.

दुसरे कारण अन्नाचे. वाचलेल्या किडीला खाण्यासाठी पूर्ण शेत उभे असते. वाचलेल्या ढालकिड्याला मात्र खायला मावाच उरत नाही. तो उपाशी मरतो किंवा उडून जातो.

तिसरे कारण गणिताने दाखवलेले आहे. पहिल्या महायुद्धात मासेमारी कमी झाली, तेव्हा एड्रियाटिक समुद्रातील बाजारांत शिकारी माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. इटलीचे गणिती व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये त्याचे स्पष्टीकरण दिले. भक्ष्य आणि भक्षक दोघांनाही सरसकट मारले तर सरासरीने भक्ष्य वाढते आणि भक्षक घटतो. मारणे थांबले की उलट घडते. भक्ष्याच्या जागी मावा आणि भक्षकाच्या जागी ढालकिडा ठेवला तर सरसकट मारणाऱ्या कीटकनाशकाचे काम समजते.

यात प्रतिकारशक्तीची भर पडते. एकाच गटातील औषध पुन्हा पुन्हा मारल्यास ते सहन करणाऱ्या किडी मागे राहतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. सिंथेटिक पायरेथ्रॉईड गटातील औषधांच्या अतिवापरानंतर पांढरी माशी वाढण्याचा अनुभव म्हणूनच वारंवार येतो.

या चक्राची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. टाळता येणारी प्रत्येक फवारणी म्हणजे फवारणाऱ्या माणसाचा टळलेला धोका असतो.

गुलाबी बोंडअळी : येथे मित्रकीटक पुरे पडत नाहीत

निसर्गावर सोडले की सगळे आपोआप जुळते, असेही नाही. गुलाबी बोंडअळी अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात फूल किंवा बोंडात शिरते. शिरलेले छिद्र बुजते. मग ना ढालकिडा तिच्यापर्यंत पोहोचतो, ना फवारणी. तिच्या पुनरागमनाचे मुख्य कारण मोकळी झालेली जागा हे नसून प्रतिकारशक्ती हे आहे. बीजी-२ मधील दोन्ही प्रथिने पचवणारी अळी तयार झाली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले.

ही प्रतिकारशक्ती वाढण्यात आपल्या पद्धतींचाही वाटा होता. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. या झाडांवर वाढलेल्या साध्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर होऊन प्रतिकारशक्ती लवकर पसरू नये, हा त्याचा हेतू होता. अनेक ठिकाणी ते बियाणे पेरलेच गेले नाही.

तरीही या अळीचा एक कच्चा दुवा आहे. अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगते. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर अवलंबून आहे. कपाशी शेतात नसेल तर तिचे जीवनचक्र तुटते. म्हणून फरदड न घेणे हा तिच्यावरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. तो एका शेतकऱ्याने करून भागत नाही. शिवारातील सर्वांनी मिळून केला तरच चक्र तुटते.

बांध (धुरा) : शत्रूचे घर की मित्राचे?

गाजरगवत, पेटारी, रानभेंडी यांवर पिठ्या ढेकूण हंगामाबाहेर तग धरतो. म्हणून ही तणे बांधावरून काढावीत. पण संपूर्ण बांध तणनाशकाने जाळून टाकू नये. फुले येणाऱ्या इतर वनस्पतींच्या मधावर आणि परागावर गांधीलमाश्या, सिरफीड माश्या आणि क्रायसोपाचे प्रौढ जगतात.

गाजरगवतावर स्पर्धकच उपयोगी पडतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला टाकळ्याचे (तरोट्याचे) बी पडीक जागेत फेकले तर त्याची दाट वाढ गाजरगवताला दाबते. मेक्सिकोतून १९८४ मध्ये आणलेले झायगोग्रामा भुंगेरेही पावसाळ्यात त्याची पाने खातात. मोकळी केलेली जागा तशीच सोडली तर गाजरगवत परत येते. तेथे दुसरे काही उगवलेले असेल तर त्याला वाव मिळत नाही.

हंगामात काय करावे?

पेरणीपूर्वी व पेरणीवेळी
- मागील हंगामाच्या पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर साठवू नयेत.
- हंगामपूर्व पेरणी टाळावी. कमी ते मध्यम कालावधीचा, रसशोषक किडींना सहनशील वाण निवडावा.
- ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया करावी. ही बुरशी मुळांभोवतीची जागा आणि अन्न आधी ताब्यात घेते व रोगकारक बुरशीला आळा घालते.
- मूग, उडीद किंवा चवळीचे आंतरपीक आणि कडेने मका किंवा ज्वारी घ्यावी. चवळीवरील माव्यावर ढालकिडे लवकर वाढतात.

पहिले ६० दिवस
- शेत तणमुक्त ठेवावे. नत्र शिफारशीनुसार, विभागून द्यावे.
- सरसकट सर्व कीटक मारणारी औषधे टाळावीत. गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा.
- आठवड्यातून एकदा शेतातील वेगवेगळ्या भागांतील २० झाडांची, प्रत्येकी वरची, मधली व खालची अशी तीन पाने पाहावीत. आर्थिक नुकसानीची पातळी : मावा १० प्रति पान, तुडतुडे २ ते ३ पिल्ले प्रति पान, फुलकिडे १० प्रति पान, पांढरी माशी ८ ते १० प्रौढ प्रति पान.
- याच पानांवरील ढालकिडे, त्यांच्या काळसर अळ्या, क्रायसोपाची देठावरची अंडी आणि कोळी यांचीही नोंद वहीत करावी. ढालकिड्याची अळी अनेकदा कीड समजून मारली जाते. ती ओळखायला शिकावे.

पात्या लागल्यापासून पुढे
- निरीक्षणासाठी एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक नर पतंग आले तर उपाय सुरू करावा.
- डोमकळ्या वेचून नष्ट कराव्यात.
- एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. २ बोंडांत अळी किंवा नुकसान दिसले तर १० टक्क्यांची पातळी गाठली, असे समजावे.
- ट्रायकोकार्ड (एकरी ६० हजार अंडी) लावायचे असतील तर त्याआधी व नंतर काही दिवस रासायनिक फवारणी करू नये.
- रासायनिक फवारणी करावीच लागली तर कृषी विद्यापीठाची त्या किडीसाठीची चालू शिफारस पाहावी, औषधांचा गट बदलावा, दोन-तीन औषधे मनाने एकत्र करू नयेत आणि संरक्षक कपडे, हातमोजे व मास्क वापरावा.

हंगामाअखेर
- डिसेंबरअखेर, उशिरात उशिरा जानेवारीत पीक काढून टाकावे. शेळ्या-मेंढ्या चारून उरलेली बोंडे संपवावीत.
- जिनिंग आणि संकलन केंद्राजवळ सापळे लावून तेथून येणारे पतंग पकडावेत.

फवारणीचा पंप भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : कीड नुकसानीच्या पातळीवर आहे का, तिला खाणारे कोण आणि किती आहेत, आणि हे औषध त्या दोघांपैकी कोणाला जास्त मारेल. मित्रकीटकांची संख्या चांगली आणि कीड पातळीच्या आत असेल तर चार दिवस थांबून त्याच झाडांची पुन्हा मोजणी करावी. कीड घटत असेल तर फवारणीची गरज नाही. वाढून पातळी ओलांडली असेल तर त्या किडीपुरते मर्यादित औषध निवडून फवारणी करावी.